नातवंडं सांभाळताय? महाराष्ट्रात पैशाची मदत कुठून मिळते, आधी कुठे जायचं आणि कुठला कागद काढायचा

माझ्या मावशीच्या घरी हे घडलं तेव्हा तिचं वय एकसष्ट, घरात दोन नातवंडं, मोठी नऊ वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा. सून आधीच आजारपणात गेलेली, मग मुलगाही गेला. दहाव्याला तेराव्याला जो येईल तो एक योजना सांगून जायचा, कुणी म्हणे महिन्याला चार हजार मिळतात, कुणी म्हणे सरकार पाच लाख देतं, कुणी म्हणे माझ्या ओळखीचा एजंट आहे. मावशीने सगळं एका वहीत लिहून घेतलं आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाली, ह्यातलं खरं कुठलं ते तू बघ गं. तेव्हापासून कुणा ना कुणाचे असे कागद माझ्याकडे येतातच, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

एक आधीच सांगते, बहुतेक लोक पहिल्या दिवसापासून योजनांच्या मागे धावतात. माझ्या मते क्रम असा ठेवा: पहिले दाखले, मग गेलेल्या माणसाने मागे काय ठेवलंय त्याचा शोध, आणि मग योजना. कारण योजनेचे महिन्याला दोन-चार हजार येतात तेही अडखळत, आणि इकडे कपाटातल्या पासबुकात दोन लाखांचा विमा निपचित पडलेला असतो ज्याची कुणाला खबरच नसते.

पहिली पायरी: दाखले

मृत्यूचा दाखला एकदम आठ-दहा प्रतींत काढा. बँक, विमा, पीएफ, तहसील, शाळा, सगळ्यांना लागतो आणि बरेच जण मूळ प्रतच मागतात. आई आणि वडील दोघंही नसतील तर दोघांचेही दाखले, आधी गेलेल्याचा दाखला कुठेतरी हरवलेला असतो तो आत्ताच परत काढून ठेवा. मग मुलांचे जन्मदाखले, मुलांचं आणि तुमचं आधार, रेशन कार्ड (मुलांची नावं तुमच्या कार्डावर चढवून घ्या), शाळेचं बोनाफाईड, आणि सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला.

आता खरा त्रास कुठे होतो तर नावात. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर टोपणनाव. हे फाईल जमा करायच्या आधी दुरुस्त करा, नाहीतर फाईल टेबलावरून परत येते आणि तुमचे दोन महिने जातात. मुलांचं आधार ५ आणि १५ वर्षांना बोटांचे ठसे देऊन अपडेट करावं लागतं, ते राहिलं असेल तर तेही.

बँकेचं म्हणाल तर सगळे सरकारी पैसे आता थेट खात्यात येतात, आणि ते जातात कुठे तर आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलंय तिथे. फॉर्मवर एका बँकेचा नंबर आणि पैसे भलत्याच बँकेत, हे सारखं होतं. म्हणून बँकेत जाऊन विचारा, ‘ह्या खात्याला आधार सीडिंग झालंय का?’, म्हणजे सरकारी पैसे ह्याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडलंय का. नुसतं ‘आधार दिलंय का’ असं नाही विचारायचं, आधार दिलेलं असतंच, सीडिंग झालेलं नसतं.

दुसरी पायरी: कपाट, ट्रंक, मोबाईल, सगळं उघडा

ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे राहून जातात.

मुलाचं किंवा सुनेचं बँक पासबुक घ्या, एन्ट्री मारून आणा आणि मे-जूनच्या पानांवर बोट ठेवून बघत जा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यू असेल तर २ लाख. जनधन खातं उघडताना बँकेवाल्याने बऱ्याचदा ह्या दोन्ही सह्या घेतलेल्या असतात आणि घरात कुणालाच माहीत नसतं. क्लेम त्याच बँकेत करायचा आणि लवकर करायचा, वर्षभराने आठवण झाली म्हणून गेलात तर नुसती प्रश्नोत्तरं होतात.

मग नोकरी. कंपनीत, कारखान्यात, सिक्युरिटीत, कुठेही पीएफ कापला जात होता का ते सॅलरी स्लिपवर बघा किंवा बरोबर काम करणाऱ्यांना विचारा. पीएफमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक फक्त पहिली घेऊन येतात. एक साठलेली रक्कम, त्याला फॉर्म २०. दुसरा विमा, त्याला ईडीएलआय म्हणतात, त्यात कमाल ७ लाखांपर्यंत मिळतात, फॉर्म ५आयएफ. तिसरी पेन्शन, फॉर्म १०डी. आई-वडील दोघंही नसतील तर मुलांना अनाथ पेन्शन लागते, ती विधवा पेन्शनच्या ७५ टक्के असते आणि प्रत्येकी महिन्याला ७५० रुपयांपेक्षा कमी नाही, एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. रक्कम छोटी वाटेल पण पंचवीसपर्यंत चालते हे लक्षात घ्या. आणि अजून एक जे फार कमी लोकांना माहीत आहे, सुनेने दुसरं लग्न केलं तर तिची पेन्शन बंद होते आणि मुलांची त्या दिवसापासून अनाथ पेन्शनच्या दराने सुरू होते. म्हणजे आई हयात असली तरी. २०२५ मध्ये पीएफ ऑफिसने हेही स्पष्ट केलंय की पैसे थेट मुलांच्याच बँक खात्यात जाणार असतील तर कोर्टाचं पालकत्व प्रमाणपत्र मागायचं नाही, त्यामुळे मुलांच्या नावाचं खातं आधीच उघडून ठेवा.

शेती असेल आणि मृत्यू अपघाती असेल, म्हणजे विजेचा शॉक, साप चावणं, विहिरीत पडणं, रस्त्यावरचा अपघात, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख आहेत, त्याला तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायचं. बांधकाम कामगार म्हणून कामगार कल्याण मंडळात नोंदणी होती का तेही बघा, तिथे नैसर्गिक मृत्यूलाही मदत आहे आणि मुलांच्या शिक्षणालाही. शेतकरी आत्महत्या असेल तर १ लाखाची मदत आहे, त्यासाठी तहसीलमध्ये विचारा.

गाडीच्या अपघातात गेले असतील तर थांबूच नका. मोटार अपघात दाव्याला आता कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे बायका आणि मुलं यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, फोन १५१००.

आणि सातबारा. वारसनोंद राहून गेलेली घरं मी इतकी पाहिलीत की काय सांगू. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच) तीन महिन्यांच्या आत अर्ज करा, नातवंडांची नावं लागतील आणि अज्ञान (म्हणजे अठराच्या आतली) असल्यामुळे त्यांच्या नावापुढे अपाक (अज्ञान पालनकर्ता) म्हणून सांभाळणाऱ्याचं नाव लागतं. मुलाच्या स्वतःच्या नावावर जे आहे त्यात हिंदू वारसा कायद्याने नातवंडांबरोबर त्याची आई, म्हणजे तुम्ही आजी, पहिल्या वर्गातली वारस आहात. आजोबा त्या वर्गात येत नाहीत. हे ऐकून आजोबांचा चेहरा पडतो पण कायदा असाच आहे. आणि मुलांच्या वाट्याची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी.

तिसरी पायरी: कागदावर तुम्ही त्यांचे कोण?

तुम्ही जन्मापासून त्यांना न्हाऊ-माखू घातलं असेल पण कायद्याने आजी-आजोबा नैसर्गिक पालक नाहीत, ते फक्त आई-वडील. मोठी रक्कम, जमिनीचा व्यवहार, कधी कधी बँक खातं, अशा ठिकाणी हा प्रश्न पुढे येतो. त्यासाठी १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते.

सगळ्यांनीच लगेच कोर्टात जायची गरज नाही असं माझं मत. महिन्याच्या योजनांना बाल कल्याण समितीचा (मुलांच्या सांभाळाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) आदेश चालतो. पण विम्याची किंवा दाव्याची मोठी रक्कम येणार असेल, किंवा सून दुसऱ्या घरी गेलीय आणि उद्या मुलांवरून वाद होईल अशी शंका असेल, तर कोर्टाचं करून घ्या. दुसरं लग्न करून गेलेली आईसुद्धा कायद्याने अजूनही पालक असते. तिच्याशी भांडण नसेल तर तिची संमती लिहून घेतलेली बरी, उगाच वैर कशाला.

ह्याचं अजून एक उदाहरण म्हणजे सुकन्या समृद्धी. कितीतरी आजोबांनी हौसेने नातीच्या नावाने खातं उघडलं होतं, मग ऑक्टोबर २०२४ पासून नियम आला की कायदेशीर पालक नसलेल्या आजी-आजोबांनी उघडलेली खाती आई-वडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावाने करून घ्यायची. तुमचं असं खातं असेल तर पोस्टात जाऊन बघा.

चौथी पायरी: महिला व बाल विकासचं ऑफिस

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. इथे दोन मुख्य गोष्टी मिळतात.

पहिली क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. ही महाराष्ट्र सरकारची. आधी महिन्याला ११०० मिळायचे, २०२३ पासून २२५० झाले, प्रत्येक मुलामागे, १८ वर्षांपर्यंत. आई-वडील दोघंही नाहीत, किंवा एकच आहे, घटस्फोट झालाय, सोडून गेलेत, गंभीर आजार आहे, तुरुंगात आहेत, अशा मुलांसाठी. म्हणजे ‘आमच्या नातवाची आई हयात आहे म्हणून काही मिळणार नाही’ असं समजून घरी बसलेले जे लोक आहेत ना त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतेय, अर्ज करा.

अर्जाला वर सांगितलेले सगळे दाखले, पासबुकाची झेरॉक्स, आणि मुलांचा सांभाळणाऱ्यासोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. हो, घर दिसलं पाहिजे. मग गृहभेट होते, कुणीतरी येऊन बघून जातं, मुलांशी बोलतं, आणि त्यानंतर मुलांना घेऊन बाल कल्याण समितीसमोर जायचं. समिती म्हटलं की म्हातारी माणसं घाबरतात, वाटतं मुलं काढून घेतील की काय. तसं काही नसतं, साधे प्रश्न असतात, शाळेत जातो का, कुणाजवळ झोपतो, घरी कोण स्वयंपाक करतं. जे आहे ते सांगा, घर गरीब आहे हे लपवायला जाऊ नका, त्यासाठीच तर आलाय. आई-वडील बेपत्ता असतील किंवा सोडून गेले असतील तर पोलिसात दिलेल्या मिसिंगच्या तक्रारीची कॉपी आणि प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा, मृत्यूचा दाखला नसल्यामुळे ह्याच कागदांवर सगळं उभं असतं.

दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली स्पॉन्सरशिप, महिन्याला ४००० रुपये. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं, विधवा किंवा सोडलेल्या आईची मुलं, आई-वडिलांना जीवघेणा आजार, हे सगळे बसतात, पण इथे उत्पन्नाची मर्यादा आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. ऑफिसात दोन्हींबद्दल विचारा आणि तुम्ही ४००० वाल्यात बसत असाल तर तीच मागा. एकाच मुलाला दोन्हीकडून पैसे येतील असा हिशोब मात्र धरू नका.

ह्या कुठल्याही फॉर्मला फी नाही. मावशीकडे एक जण दीड हजार मागत होता, ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणे. साहेबांना विचारलं तर साहेबांना ह्या गृहस्थाचं नावही माहीत नव्हतं!

आणि पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं समजून दुकानात उधारी करू नका, अनुदान आलं की काही महिन्यांचं एकदम येतं. मावशी ते पैसे वेगळ्या खात्यात येऊ देते आणि फक्त शाळेच्या वेळी काढते, किराणा तिच्या स्वतःच्या पैशातून. सगळ्यांना परवडणार नाही हे, पण जमलं तर बरं पडतं.

कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांचं वेगळं आहे. ११ मार्च २०२० पासूनच्या कोविडच्या काळातल्या अशा मुलांसाठी पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन होती, १० लाखांची ठेव, अठराव्या वर्षापासून महिन्याला त्यातून स्टायपेंड आणि तेविसाव्या वर्षी रक्कम हातात. राज्यानेही दोन्ही पालक गमावलेल्यांसाठी ५ लाखांची मुदत ठेव ठेवली होती. नातवंडांचं नाव त्यात आहे पण पासबुक तुमच्याकडे नाही असं असेल तर ह्याच ऑफिसात विचारायचं.

पाचवी पायरी: तहसील

इथे मुलांचं आणि तुमचं दोघांचंही काम होतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत १८ च्या आतली अनाथ मुलंही येतात, आणि तुम्ही ६५ पूर्ण केलेले असाल तर श्रावणबाळ, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची पेन्शन. दोन्हींत महिन्याला १५००, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार, हा अर्जही इथेच आणि लगेच. आजी ६५ च्या आत असतील आणि लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर नवीन पेन्शनचा अर्ज करताना आधी विचारून घ्या, सरकारकडून दुसरीकडून तेवढेच पैसे येत असतील तर दोन्ही चालत नाहीत.

तहसीलच्या कामाला माझी एकच टीप, अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

सहावी पायरी: शाळा

शाळेत मुख्याध्यापकांना घरची परिस्थिती स्पष्ट सांगून ठेवा, लाज धरू नका, कारण कितीतरी सवलती त्यांना माहीत असतात पण कुणाला द्यायच्या ते माहीत नसतं. खासगी शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांमध्ये अनाथ मुलं वंचित घटकात धरली जातात, ऑनलाइन अर्जाची तारीख मात्र डोळ्यात तेल घालून बघावी लागते. आठवीत एनएमएमएस ह्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा, पास होऊन यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार.

आणि दोन्ही पालक नसतील तर अनाथ प्रमाणपत्र काढा, हे खूप लोक सोडून देतात. वाटतं आता कशाला, लहान आहे अजून. पण राज्यात शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, आणि २०२३ च्या निर्णयाप्रमाणे संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेली मुलंही त्यात आहेत. २०२४ पासून व्यावसायिक कोर्सची फी माफी मुलींबरोबर अनाथ मुलांनाही केलीय. अर्ज महिला व बाल विकासच्याच ऑफिसात. मावशी म्हणाली होती, पोरांच्या कपाळावर अनाथ लिहून कशाला घेऊ, मी आहे ना. मलाही पटलं होतं खरं सांगायचं तर. मग नातच म्हणाली, आजी कागदावर लिहिल्याने काय होतं, फी तर माफ होते. मग काढलं.

काही अडलं तर मुलांसाठी १०९८ आणि तुमच्यासाठी, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी, १४५६७, दोन्ही फुकट फोन आहेत. वर्षातून एकदा, शाळा सुरू झाली की, नवीन बोनाफाईड आणि हयात असल्याचे कागद देऊन योजना चालू ठेवायची असते, ते विसरलं की पैसे गुपचूप थांबतात आणि कुणी कळवत नाही. आणि मूल अठराचं झालं की बाल संगोपन बंद होतं पण पीएफची पेन्शन चालू राहते, तेव्हा त्या महिन्यात त्याला घेऊन बँकेत जा, अज्ञान खातं सज्ञान करून घ्या, नवीन केवायसी द्या, नाहीतर खातं गोठतं आणि पेन्शन अडकते. मावशीची नात पुढच्या वर्षी अठरा पूर्ण करतेय, तिची तारीख मी आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेवलीय.